उपकारस्तुती ओठांवर येते, पण अंतःकरणातून यावी यासाठी काय करावे?

मोहरीदाणा (प्रश्न)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

वैयक्तिक प्रार्थनेत उपकारस्तुती असतेच, पण बहुतेकांच्या बाबतीत ती दोन वाक्यांत उरकते. "जीवन दिलेस, आरोग्य दिलेस, कुटुंब दिलेस, धन्यवाद." त्यानंतर मागण्या सुरू होतात आणि त्यांना मात्र वेळ पुरत नाही. यावर उपाय म्हणून रोज वहीत पाच उपकार लिहायला सांगतात. दोन-तीन आठवडे ते बरे चालते, मग त्याच पाच ओळी फिरून फिरून येतात आणि वही बंद पडते.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मनात काहीही वाटत नसताना उपकार मानले तर ते यशया २९:१३ मधल्या लोकांसारखे होत नाही का, ज्यांचे ओठ देवाजवळ आणि अंतःकरण दूर होते? दोन, हा सराव यांत्रिक होऊ नये म्हणून तो नेमका कसा करावा? वेळ, क्रम, काय लिहायचे, काय टाळायचे, सगळे सांगा. तीन, घरात मृत्यू किंवा मोठे आजारपण असताना "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८) ही आज्ञा खोटे न बोलता कशी पाळायची?

कृपया "फक्त विश्वास ठेवा" एवढेच उत्तर नको.

---

जैतुनाची_फांदी

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो मनात अडकून राहिला तर पुढचा सगळा सराव ओझे होऊन बसतो.

यशयाने ज्यांच्यावर ठपका ठेवला ते लोक देवापासून लांब राहण्यात सुखी होते आणि वर उपासनेचा देखावा करत होते. "प्रभू, आज मन कोरडे आहे, तरी तू चांगला आहेस हे मी मानतो," असे म्हणत जो येतो, तो देवाजवळच येतो आहे. स्तोत्र १०३ नीट वाचा. सुरुवातीला दावीद देवाशी बोलतच नाही, तो स्वतःच्या जिवाला आज्ञा देतो: परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नकोस. भावना आपोआप उसळली असती तर जिवाला असे बजावावे लागले नसते. शिवाय तो जिवाला "तुला आनंद वाटू दे" असे सांगत नाही, "विसरू नकोस" असे सांगतो. आपल्या हाती असते ती आठवण. भावना तिच्या मागून येते, कधी लगेच, कधी पुष्कळ उशिरा.

त्यापुढच्या ३ ते ५ या वचनांत तो काय मोजतो तेही पाहा: सर्व पापांची क्षमा, रोगांतून बरे करणे, विनाशातून सोडवणे, दया व करुणा यांचा मुकुट, उत्तम गोष्टींनी तृप्ती. क्षमा पहिली आहे. आपल्या याद्या आरोग्यापासून सुरू होतात आणि क्षमेपर्यंत पोचतच नाहीत. उपकारस्तुती कोरडी पडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे असे मला वाटते. आरोग्य, नोकरी, घर या गोष्टी कमीजास्त होत राहतात, आणि त्यांच्यावरच कृतज्ञता उभी केली तर तीही त्यांच्याबरोबर वरखाली होते.

आता वहीबद्दल. पाच नकोत, तीनच लिहा, पण प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी याव्यात: नेमके काय मिळाले, ते देवाकडून कसे आले (कोणा माणसाच्या हातून आले असेल तर त्याचे नाव), आणि ते आपल्या हक्काचे का नव्हते. "शांतीबद्दल धन्यवाद" ही नोंद आठ दिवसांत मरते. त्याऐवजी अशी नोंद करा: "दुपारी रागाचे उत्तर तोंडाशी आले होते, ते आवरले गेले. आत्म्याने आवरले. स्वभावावर सोडले असते तर भांडण झाले असते." अशी नोंद दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी उतरवता येत नाही, कारण ती त्या दिवसाची असते.

तिसरा भाग लोक हमखास गाळतात, आणि सगळे वळण तिथेच आहे. हक्काची भावना आली की कृतज्ञता संपते. अनुवाद (बायबलचे पाचवे पुस्तक) ८ मध्ये मोशे इस्राएलाला नेमक्या याच धोक्याची सूचना देतो: पोटभर जेवाल, चांगली घरे बांधाल, गुरेढोरे आणि सोनेरुपे वाढेल, मग मन उन्मत्त होईल आणि म्हणाल की हे माझ्याच बळाने मिळाले. विसरण्याची वेळ त्याने भरल्या पोटाची सांगितली आहे, हे ध्यानात घ्या. पौलही करिंथकरांना हेच विचारतो की जे तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय (१ करिंथकरांस ४:७). तिसरे वाक्य लिहिताना अडखळायला होत असेल, तर ती गोष्ट आपण स्वतःची कमाई धरून चाललो आहोत असे समजा.

वेळ दहा मिनिटे पुरे. रात्री झोपण्याआधी लिहायचा रिवाज पडला आहे, पण थकलेले मन सर्वसाधारण शब्दांवर घसरते. सकाळी आदल्या दिवसाबद्दल लिहिणे पुष्कळांना अधिक साधते. रोज एकाच दिशेला पाहू नका. एक दिवस जुन्या मागण्या काढून त्यातल्या कोणत्या ऐकल्या गेल्या ते पाहा. हा दिवस आठवड्यातून एकदा ठेवाच, कारण ऐकली गेलेली प्रार्थना आपण फार लवकर विसरतो. एक दिवस माणसांसाठी ठेवा. एक दिवस जे वाईट घडू शकले असते पण घडले नाही त्यासाठी. एक दिवस फक्त वधस्तंभ आणि पुनरुत्थान, एकेक वचन घेऊन. रविवारी नवे काही लिहू नका, आठवड्याच्या नोंदी मोठ्याने वाचा.

पुनरुक्तीची धास्ती घेऊ नका. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचने आहेत आणि प्रत्येकात "त्याची दया सनातन आहे" हेच पालुपद येते. तरी ते कंटाळवाणे होत नाही, कारण पालुपदाच्या आधी दर वेळी नवे कृत्य आहे: आकाश, सूर्य, चंद्र, मिसरातून सुटका, तांबड्या समुद्राचे दोन भाग, अरण्यातली वाट. शेवटाकडे तर प्रत्येक प्राण्याला अन्न देणेही आहे. पालुपद तेच राहू द्या, कृत्य नवे शोधा.

मागण्यांबद्दल एक नियम: कोणतीही मागणी करण्यापूर्वी त्याच बाबतीत देवाने आधी केलेली एक गोष्ट मोठ्याने म्हणा. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये मागणी आणि उपकारस्तुती एकाच वाक्यात आहेत. आपण त्यांचे दोन वेगळे कप्पे केले आहेत. वेळेचे जे व्यस्त प्रमाण तुम्ही लिहिले आहे, ते या एका सवयीने सुधारते.

आणि एक सापळा. "त्या लोकांसारखी माझी स्थिती नाही म्हणून धन्यवाद" हा सूर वहीत दिसला तर ती ओळ खोडा. लूक १८:११ मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) देवाचे आभारच मानत होता, आणि नीतिमान न ठरता घरी गेला.

---

बेथानीचा_पाहुणा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. यात चुकीचा सल्ला मिळाल्याने माणसे प्रार्थनेपासूनच तुटतात.

वाइटाला चांगले म्हणा असे देव सांगत नाही. योहान ११ मध्ये लाजाराच्या मृत्यूनंतर प्रभू त्याच्या गावी येतो. कबरेकडे जाण्याआधी तो व्याकूळ होतो आणि रडतो (वचन ३५). त्यानंतर कबरेशी, वचन ४१ मध्ये, वर पाहून म्हणतो, हे बापा, तू माझे ऐकले म्हणून मी तुझे उपकार मानतो. मृत्यूबद्दल तो उपकार मानत नाही, पित्याने ऐकले याबद्दल मानतो. दुःखातल्या उपकारस्तुतीचा नमुना इथे आहे, आणि अश्रू आधी आले तरी चालतात हेही इथेच दिसते. "देवा, हा आजार दिलास म्हणून धन्यवाद" असे शब्द कुणाच्या तोंडी जबरदस्तीने घालू नयेत. "या आजारातही तू सोडलेले नाहीस म्हणून धन्यवाद" हे खरे असते आणि म्हणता येते. इफिसकरांस ५:२० मध्ये "सर्व गोष्टींबद्दल" उपकारस्तुती करायला सांगितले आहे, असे कुणी दाखवील. पण त्याच अध्यायाच्या ११ व्या वचनात अंधाराची कृत्ये उघडकीला आणायला सांगितली आहेत. पाप आणि अन्याय यांना देणगी मानायला पौल शिकवत नाही.

प्रत्यक्ष कसे करायचे? स्तोत्र १३ घ्या. अवघी सहा वचने. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. वचने ३ व ४ मागणी. वचने ५ व ६ भरवसा आणि गाणे. याच क्रमाने आपली प्रार्थना लिहा: आधी तक्रार, जशी आहे तशी, गुळगुळीत न करता, मग एक स्पष्ट मागणी, मग देवाच्या स्वभावाबद्दल एकच वाक्य, जे आज भावनेविना का होईना पण खरे आहे. शेवटी उपकार एकच, आणि तो लहान असला तरी चालेल: रात्री दोन तास झोप लागली, कुणीतरी शेजारी येऊन बसले. मोठा उपकार शोधण्याचा ताण घेऊ नका.

काही दिवस शेवटचा भाग जमणारच नाही. अशा दिवसांसाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपते, त्यात उपकारस्तुतीचा शेवट नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्या दिवशी तेवढेच वाचून थांबा. विलापगीतात "त्याची करुणा रोज सकाळी नवी होते" हे प्रसिद्ध वचन तिसऱ्या अध्यायात २२-२३ ला आहे. त्याआधी दोन पूर्ण अध्याय आणि वीस वचने आक्रोश आहे. मंडळीत आपण ते वचन भिंतीवर लावतो आणि आधीचा आक्रोश वाचत नाही, हे मला खटकते.

विलाप आणि कुरकुर यांत गल्लत करू नये. विलाप देवाला उद्देशून असतो, कुरकुर देवाच्या पाठीमागे असते. गणना ११ मध्ये लोक मिसरातल्या फुकटच्या माशांची, काकड्यांची, कांद्यालसणाची आठवण काढतात. गुलामगिरी, विटा, नाईल नदीत टाकलेली लेकरे यांचा उल्लेख त्यात नाही. कुरकुरीची स्मृती निवडक असते. तिला जे सोयीचे तेवढेच आठवते. म्हणून जुने दिवस फार गोड वाटू लागले की त्या दिवसांतले दुःखही लिहून काढा आणि देवाने त्यातून कसे काढले तेही लिहा. चित्र पुरे झाले की कुरकुरीचा जोर पुष्कळ ओसरतो.

आणि शोकात असलेल्या घरी जाणाऱ्यांना विनंती: तिथे उपकारस्तुतीचे प्रवचन करू नका. रोमकरांस १२:१५ मध्ये रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितले आहे. त्या घराच्या वतीने उपकार मानायचे असतील तर आपल्या घरी, आपल्या प्रार्थनेत मानावेत.

---

द्राक्षवेल

वरची दोन्ही उत्तरे पटली, पण वहीवर इतका भर मला पटत नाही. लिहिण्याची सवय नसलेल्या, किंवा लिहिले की परिपूर्णच हवे अशा स्वभावाच्या माणसाला वही ही परीक्षा वाटते. त्यांच्यासाठी जुनी तोंडी पद्धत आहे. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांनी दिवसाच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे घालून दिले: मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची विनंती, उठल्यापासूनच्या दिवसाची उजळणी, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. आभार सर्वांत आधी आहेत आणि त्याला कारण आहे. आधी पापे मोजायला बसलो तर मन स्वतःभोवतीच घोटाळते; आधी उपकार आठवले तर पापही देणाऱ्यासमोर दिसते, आणि पश्चात्तापात निराशा शिरत नाही. पंधरा मिनिटे पुरतात. तासातासाने दिवस डोळ्यांसमोरून न्या: सकाळी कोण भेटले, कोणते काम झाले, कुठे अडले. "आजचा दिवस" असा एकगठ्ठा विचार केला की हाती काही लागत नाही.

मानसशास्त्रातही यावर काम झाले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बऱ्याचदा उद्धृत होतो. त्यातल्या एका प्रयोगात दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या होत्या, आणि त्या गटाने स्वतःच्या आयुष्याबद्दल अधिक समाधान नोंदवले. ते उपयोगाचे आहे, पण ख्रिस्ती उपकारस्तुती समाधान वाढवण्यासाठी नसते. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट (लूक १७:११-१९) पाहा. बरे दहाही झाले, आणि त्यांना आनंद झाला असेलच. परत आला तो एक शोमरोनी. प्रभूने चौकशी केली ती परत येऊन देवाचा गौरव न करणाऱ्या नऊ जणांची. देणगीचा आनंद आणि देणाऱ्याकडे परत येणे यांतले अंतर तिथे स्पष्ट आहे. म्हणून वहीत लिहा किंवा मनात आठवा, पण शेवटी ते "तू" या शब्दाने देवाशी बोला. "चांगली झोप लागली" ही नोंद झाली. "तू झोप दिलीस" ही प्रार्थना झाली.

आणखी एक बिघाड फार पसरला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही: परतफेडीची भावना. देवाने एवढे दिले, आता मी एवढे दिले पाहिजे. किंवा याचे उलटे रूप: मी उपकार मानले की देव आणखी देईल. दोन्हींत कृपेचा व्यवहार होतो. स्तोत्र ११६:१२ मध्ये स्तोत्रकर्ता विचारतो, या सर्व उपकारांबद्दल मी परमेश्वराचा कसा उतराई होऊ? पुढच्याच वचनात त्याचे उत्तर आहे: मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. उतराई होण्यासाठी तो आणखी घेतो, आणखी मागतो. नवसही तो फेडतो, पण त्यानंतर आणि लोकांसमोर. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीची (प्रश्नोत्तरांतून श्रद्धा शिकवणाऱ्या प्रोटेस्टंट पुस्तिकेची) मांडणी याच क्रमाची आहे: माणसाची दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना यांचे विवेचन तिसऱ्या भागात येते, म्हणजे तारण मिळाल्यावर, आभार म्हणून. आज्ञापालनाचा शीण येत असेल तर आपण ते दुसऱ्या भागात सरकवले आहे का, हे तपासावे.

कृतीबद्दल लेवीय ७ मधला एक बारकावा फार शिकवतो. उपकारस्तुतीच्या शांत्यर्पणाचे (पशुबळीच्या एका प्रकाराचे) मांस त्याच दिवशी खायचे, सकाळपर्यंत काही उरू द्यायचे नाही (वचन १५). नवसाच्या अर्पणाला दुसऱ्या दिवसाची सवलत आहे, उपकारस्तुतीला नाही. एवढे मांस एका दिवसात संपवायचे तर इतरांना पंगतीला बसवण्यावाचून गत्यंतर नाही. यावरून मी दोन सवयी घेईन: उपकार लक्षात आला की त्याच दिवशी मानायचा, आणि त्यात कुणाला तरी वाटेकरी करायचे.

---

मोहरीदाणा

मनापासून आभार. "तू" म्हणण्याचा मुद्दा आणि तीन भागांची नोंद लगेच करता येण्यासारखी आहे. अजून दोन शंका. घरात जेवणाआधीची प्रार्थना पाठ म्हटल्यासारखी होते, मुले तर शेवटचा "आमेन" धरूनच बसलेली असतात. ती जिवंत कशी करावी? आणि कृतज्ञता खरोखर मूळ धरते आहे की नाही हे कशावरून ओळखायचे? भावनेवरून ओळखू नये, एवढे आता समजले.

---

कलम_केलेली_डहाळी

जेवणाची प्रार्थना लांबवू नका, उलट छोटी करा. मुले लांबीला कंटाळतात. ठरलेले शब्द असले तरी हरकत नाही. प्रभूने भाकर घेऊन उपकार मानले तेही त्याच्या लोकांच्या रीतीतच. ठरलेल्या शब्दांच्या आधी एकाने एकच नेमकी गोष्ट सांगायची, पाळीपाळीने, रोज एकाने. "ताटातल्या भाजीसाठी" हेही चालते. मुलाने खेळण्याबद्दल उपकार मानले तर त्याला "काहीतरी आत्मिक सांग" असे टोकू नका. १ तीमथ्य ४:४-५ प्रमाणे देवाने निर्माण केलेली प्रत्येक गोष्ट उपकारस्तुतीने घेण्यासारखी आहे. मोठ्यांनी मात्र अधूनमधून क्षमेबद्दल मोठ्याने उपकार मानावेत, कारण मुले ते वाक्य इतर कुठे क्वचितच ऐकतात. शिवाय अनुवाद ८:१० मध्ये जेवून तृप्त झाल्यावर परमेश्वराचा धन्यवाद करायला सांगितले आहे. आठवड्यातून एखादे वेळी प्रार्थना जेवणानंतर करून पाहा; भूक भागलेली असते आणि घाईही नसते.

ओळखण्याच्या खुणा विचारल्यात. कुरकुर कमी होणे ही पहिली, आणि ती घरच्यांना आपल्याआधी कळते, म्हणून त्यांनाच विचारा. फिलिप्पैकरांस २:१४ मध्ये सर्व काही कुरकुर न करता करायला सांगणारा पौल ते पत्र तुरुंगातून लिहितो आहे, हे वाचताना विसरू नये. दुसरी खूण मत्सराची. दुसऱ्याला मिळाले हे ऐकून त्याच्यासाठी देवाचे उपकार मानता येतात का? सुरुवातीला जड जाते. ज्याचा हेवा वाटतो त्याचे नाव घेऊन, त्याला मिळालेल्या त्याच गोष्टीबद्दल, आठवडाभर रोज एक वाक्य म्हणा. यात दिखाऊपणा होईल ही भीती नको, कारण ऐकणारा फक्त देव असतो. तिसरी खूण हाताची: देणे सोपे होते. २ करिंथकरांस ९:११-१२ मध्ये पौल दानाची साखळी दाखवतो. देव देतो, मंडळी उदारपणे देते, आणि ज्यांना मिळते ते देवाची उपकारस्तुती करतात. आपल्या देण्यामुळे दुसऱ्या कुणाची तरी प्रार्थना आभाराची होते.

माणसांबद्दल एक गोष्ट वर राहून गेली. पौल आपल्या बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला वाचकांबद्दल देवाचे उपकार मानतो आणि तसे त्यांना लिहून कळवतो. फिलिप्पैच्या मंडळीला तो कारणही सांगतो: पहिल्या दिवसापासून सुवार्तेत त्यांचा सहभाग. गलतीकरांच्या पत्रात मात्र उपकारस्तुती नाही, थेट आश्चर्य आणि रोष आहे. म्हणजे इतर ठिकाणी ती केवळ पत्र लिहिण्याची रीत म्हणून येत नव्हती. तुमच्या वहीत माणसांच्या दिवशी ज्याचे नाव आले त्याला त्याच दिवशी दोन ओळी कळवा: "तुमच्या अमुक कामाबद्दल मी आज देवाचे उपकार मानले." नुसते "थँक्यू" म्हणण्यापेक्षा हे वेगळे पडते, कारण स्तुती माणसाशी थांबत नाही आणि माणूस दुर्लक्षितही राहत नाही.

मंडळीत साक्षीची वेळ असेल तर तिला दोन मिनिटांची मर्यादा घाला आणि आधी सांगून ठेवा: या आठवड्यातली गोष्ट सांगायची, वीस वर्षांपूर्वीची नको, रक्कम किंवा बढतीचा आकडा सांगायचा नाही, आणि ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली दिसत नाही अशा एकालाही दर वेळी बोलायला बोलवायचे. हे तिसरे पाळले नाही तर तो भाग हळूहळू यशस्वी लोकांचा होतो आणि दुःखी माणसे मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांनी बोलायला उभे राहून स्तोत्र १३ नुसते वाचले तरी पुरे.